भरतकामाची मागची बाजू

कुणी तिकिटं जमवतं, कुणी नाणी, कुणी काडेपेट्यांवरची चित्रं. मी गेली काही वर्षं पहिल्या महायुद्धातली रेशमी पोस्टकार्डं जमवतो आहे. म्हणजे सैनिकांनी आघाडीवरून घरी पाठवलेली, भरतकाम केलेली कार्डं. हे ऐकलं की बहुतेकांना वाटतं, मी एकतर युद्धवेडा असणार किंवा भरतकामवेडा. मी दोन्ही नाही. तोफा-बंदुकांची नावं मला पाठ नाहीत आणि शर्टाचं बटण लावताना सुई ओवायला मला दहा मिनिटं लागतात. तरीही ही कार्डं मला धरून ठेवतात. का, ते जरा सविस्तर सांगतो.

आधी ही वस्तू कशी असते ते बघू. नेहमीच्या पोस्टकार्डाएवढा जाड कागद. त्याला मधोमध खिडकी कापलेली, कडेने उठावाची नक्षी. त्या खिडकीत ताणून चिकटवलेलं झिरझिरीत रेशमी कापड आणि त्यावर रंगीत दोऱ्यांनी भरलेलं चित्र. चित्रं ठरलेली: दोस्त राष्ट्रांचे झेंडे, फुलपाखरं, पक्षी, पलटणींची बोधचिन्हं आणि फुलंच फुलं. फुलांत पॅन्झी फार, कारण फ्रेंचमध्ये त्या फुलाला जो शब्द आहे त्याचाच दुसरा अर्थ 'विचार' असा होतो. म्हणजे 'तुझा विचार मनात आहे' हे एका फुलात सांगून झालं! फुलपाखराच्या पंखांतही झेंड्यांचे रंग भरलेले असतात. कधी १९१६, १९१७ असे सालाचे आकडेच झेंड्यांच्या पट्ट्यांनी भरलेले. काही कार्डांत रेशमाचाच छोटा खिसा असतो. तो उघडला की आतून बोटभर चिठ्ठी निघते. आणि खाली एखादं वाक्य: 'माझ्या प्रिय आईस', 'फ्रान्सची आठवण', 'विसरू नकोस'. आपल्याकडे उशीच्या अभ्र्यावर 'स्वीट ड्रीम्स' भरायचे ना, त्याच जातीचं.

अशी कार्डं युद्धाच्या आधीही होती. १९०० साली पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा ती लोकांसमोर आली. पण तेव्हा ती हौसेची चीज होती. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं, उत्तर फ्रान्स आणि बेल्जियम ब्रिटिश सैनिकांनी भरून गेलं आणि या कार्डांना गिऱ्हाईक मिळालं. आघाडीमागच्या गावांतल्या दुकानांत ती विकायला असत. साध्या ब्रिटिश शिपायाला दिवसाला १ शिलिंग पगार. एका चांगल्या कार्डाला दिवसभराची कमाई सहज जायची. तरी ती लाखांनी खपली.

का खपली असतील? याचं उत्तर मला टपालव्यवस्थेत सापडतं. आघाडीवरच्या सैनिकाला घरी पत्र पाठवायला तिकीट लागत नसे. त्यामुळे पत्रांचा नुसता पूर होता. युद्धाच्या ऐन भरात ब्रिटिश लष्करी टपाल आठवड्याला १ कोटी २० लाखांच्या आसपास पत्रं हाताळत होतं. पण प्रत्येक शिपायाचं पत्र त्याच्याच तुकडीतला अधिकारी वाचायचा आणि मग पुढे पाठवायचा. आता कल्पना करा, बायकोला चार प्रेमाचे शब्द लिहायचे आणि ते आधी आपल्या साहेबाने वाचायचे! दुसरी सोय म्हणजे सरकारी छापील कार्ड. त्यावर 'मी ठीक आहे', 'मला रुग्णालयात दाखल केलं आहे', 'तुमचं पत्र मिळालं' अशी वाक्यं छापलेली. लागू नसतील ती खोडायची, खाली सही करायची, बस्स. एक शब्द जास्त लिहिला तर कार्ड फाडून टाकू, अशी तंबी वरच दिलेली. विल्फ्रेड ओवेन या कवीने आपल्या आईशी खूण ठरवून ठेवली होती म्हणतात. 'मला मागच्या तळावर पाठवत आहेत' या अर्थाचं वाक्य दोन रेघांनी खोडलेलं दिसलं, तर मुलगा आघाडीवर आहे असं तिने समजायचं.

एका बाजूला कोरडं सरकारी कार्ड, दुसऱ्या बाजूला साहेबाने वाचलेलं पत्र. या दोन्हींच्या मधे हे रेशमी कार्ड बसतं. जे स्वतःच्या हाताने लिहायला संकोच वाटतो, ते त्यावर आधीच भरलेलं असतं. साहेबाने वाचलं तरी लाज नाही, कारण ते शब्द दुकानातले. आणि मजा म्हणजे कार्ड मळू नये म्हणून ते बहुधा पत्राबरोबर पाकिटात घालून पाठवत. त्यामुळे बऱ्याच कार्डांवर ना तिकीट, ना शिक्का, ना पत्ता. मागची बाजू कोरी, नाहीतर दोनचार ओळी. त्या ओळीही कसल्या? मोजे मिळाले, पाऊस फार आहे, धाकट्याचा खोकला कसा आहे.

ही कार्डं केली कुणी, याची एक कथा सगळीकडे सांगितली जाते. घरदार सोडून पळालेल्या फ्रेंच आणि बेल्जियन बायका दिव्याच्या उजेडात हाताने हे भरतकाम करत आणि त्यावर पोट भरत, अशी. मोठ्या संग्रहालयांच्या माहितीतही घरबसल्या काम करणाऱ्या बायकांचा उल्लेख असतो. कथा गोड आहे आणि कार्डाची किंमत वाढवणारीही आहे.

सुट्टीत भारतात आलो तेव्हा काही कार्डं माझ्या आत्याला दाखवली. आत्याने मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण आणि भरतकाम शिकवलं आहे. तिने चष्मा पुसला, एकाच नमुन्याची दोन कार्डं शेजारी ठेवली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"अरे, ही हातची नाहीत."

"आत्या, तू नीट बघ. सगळीकडे हातची म्हणूनच लिहिलंय."

"लिहू दे. हे बघ. पानावरून फुलाकडे जाताना दोरा मागून उडी मारतोय. दोन्ही कार्डांत तिथूनच आणि तेवढीच. माझ्या वर्गातल्या चाळीस मुलींना मी एकच फूल दिलं, तर चाळीस जणींचे टाके चाळीस तऱ्हेचे यायचे. एकाच मुलीने दोनदा भरलं तरी सारखं नाही यायचं."

कापड झिरझिरीत असल्यामुळे मागचे दोरे पुढून पुसट दिसतात, हे मला माहीत होतं. पण त्यांच्याकडे बघायचं कसं, ते आत्याने शिकवलं. या कार्डांचा बारकाईने अभ्यास करणारेही याच निष्कर्षाला आले आहेत. बहुतेक कार्डं एका विशिष्ट यंत्रावर भरलेली आहेत. फ्रान्समधल्या म्युलूझ गावच्या जोशुए हाईलमानने १८२० च्या दशकाच्या अखेरीस ते यंत्र बनवलं आणि पुढे स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या परिसरात त्यावर मोठा धंदा उभा राहिला. यात कापड उभं ताणलेलं असतं. दोन्ही बाजूंना गाडे आणि त्यांत ओळीने चिमटे. सुया शेकडो, प्रत्येकीला दोन्हीकडे टोक आणि नेढं मधोमध. कामगार एका हाताने मोठ्या केलेल्या नकाशावर टोक फिरवतो, दुसऱ्या हाताने चाक फिरवतो, पायाने चिमटे उघडतो-मिटतो. एका वेळी सगळ्या सुया तोच टाका घालतात. दर रंगाला सगळ्या सुया पुन्हा ओवायच्या! म्हणूनच तर या कार्डांत रंग मोजके असतात आणि तीन रंगांचे झेंडे इतके सोयीचे पडतात. ओवायला बायका आणि मुलं असत. मग त्या लांब पट्ट्या कापायच्या, कागदात बसवायच्या आणि दुकानांत पाठवायच्या.

म्हणजे माणसाचे हात यात आहेतच, पण गोष्टीत सांगतात तसे नाहीत. आत्याचं ऐकून मला वाईट वाटेल असं तिला वाटलं असावं. पण मला उलट ही कार्डं जास्त जवळची वाटायला लागली. आपल्याकडे राखी काय बहिणीने स्वतः गुंफलेलीच असते? दुकानातून आणलेली असते. दहा राख्यांतून ती एक निवडते, तेवढ्यात सगळं येतं.

स्वतः सुई हातात घेतलेले सैनिकही होते, बरं का. जखमी होऊन महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेल्यांना रुग्णालयांत भरतकाम शिकवत. हाताला काम आणि मनाला विसावा. अशा शंभराहून जास्त जखमींनी मिळून लंडनच्या सेंट पॉल कथीड्रलसाठी वेदीवर लावायचं मोठं वस्त्र भरलं. १९१९ मध्ये युद्धसमाप्तीच्या प्रार्थनेला ते लावलं होतं. फ्रान्सपासून दूर, कैरोच्या बाजारातही सैनिकांसाठी मोठमोठे रेशमी अभ्रे मिळत. मध्ये मुकुट, बाजूला झेंडे, खाली 'इजिप्तची आठवण'. सैनिक जिथे गेला तिथल्या बाजाराने त्याच्या घरच्या ओढीचा माल बनवून दिला, असं म्हटलं तरी चालेल.

आता जमवण्याबद्दल. नोकरीच्या निमित्ताने मी काही काळ उत्तर इंग्लंडमध्ये होतो. तिथे सभागृहांत जुन्या पोस्टकार्डांचे बाजार भरतात. टेबलांवर खोकी आणि खोक्यांत विषयवार कप्पे: झेंडे, फुलं, सेनापती, पलटणी. सगळ्यात महाग पलटणीचं बोधचिन्ह असलेलं कार्ड. त्यातही मागची बाजू कोरी असली तर आणखी बरं, कारण माल 'स्वच्छ' समजतात. मागे लिहिलेलं साधं फुलांचं कार्ड सगळ्यात स्वस्त. माझ्यासारख्याचं त्यामुळे फावलं. मी मागचं लिखाण बघून घेतो, पुढचं चित्र नंतर.

एकदा एका विक्रेत्याकडे गेलो, तर तो एक जुना अल्बम मोडत बसला होता. कार्ड काढायचं, बघायचं, त्या त्या कप्प्यात टाकायचं. सगळ्या कार्डांच्या मागे अक्षर एकच. बाप आपल्या लहान मुलीला लिहितोय. मी उरलेली नऊ कार्डं तिथेच उचलली. रिकामा अल्बम त्याने वर फुकट दिला, त्याला त्याचा उपयोग नव्हता. घरी येऊन बघतो तर खरा खजिना त्या अल्बममध्येच. प्रत्येक कार्डाखाली पेन्सिलने तारीख लिहिलेली होती. अक्षर बापाचं नव्हतं, बहुधा आईचं. कार्ड घरी पोचल्याची तारीख. नऊ तारखा माझ्या नऊ कार्डांच्या आणि चार तारखा नुसत्या कागदी कोपऱ्यांखाली, कार्ड नसलेल्या. ती चार आता कुणाच्या 'झेंडे' कप्प्यात असतील. शेवटची तारीख फेब्रुवारी १९१९ ची आहे, म्हणजे युद्ध संपल्यानंतरची. गडी जिवंत राहिला तर! एका अनोळखी माणसासाठी मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

हा अल्बम बघून आत्याने एक प्रश्न विचारला, तो माझ्या मनातून जात नाही.

"आणि ही त्याला काय पाठवायची?"

पत्रं, मोजे, केक, मुलीने काढलेली चित्रं... पाठवतच असणार. घरून आघाडीवर जाणारं टपालही प्रचंड होतं. पण त्यातलं उरलं किती? खंदकात गुडघाभर चिखल, पाठीवर मोजका बोजा, पंधरा दिवसांत जागा बदलायची. आलेलं पत्र कुठे जपणार? त्यामुळे सैनिकाने पाठवलेलं उरलं आणि त्याला आलेलं बहुतेक गेलं. सैनिकाची म्हणून आपण जी वस्तू हातात घेतो, ती खरं तर घराने जपली म्हणून आपल्यापर्यंत आली. माझा संग्रह सैनिकांचा आहे असं मी लोकांना सांगायचो. आता म्हणावंसं वाटतं, तो कपाटाच्या खणांचा आहे आणि ते खण लावणाऱ्या बायकांचा आहे.

इथून माझा विचार आपसूक आपल्या लोकांकडे वळतो. कारण त्याच फ्रान्समध्ये आपलीही माणसं होती. हिंदी फौजा २६ सप्टेंबर १९१४ पासून मार्सेय बंदरात उतरू लागल्या. २८ ऑक्टोबरला नव शापेल गावावर जो हल्ला झाला, त्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. बॉम्बे सॅपर्स म्हणजे आपल्या खडकीचे, आणि त्यांच्यात मराठा जवानही होते. नव शापेलला १९२७ मध्ये हिंदी सैनिकांचं स्मारक उभं राहिलं. पश्चिम आघाडीवर मेलेल्या आणि ज्यांची कबर नाही अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं त्यावर आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या महायुद्धात कामी आल्याचं सांगतात. एवढी माणसं एकाच गावातली!

या सैनिकांनीही पत्रं पाठवली. अनेकांना लिहिता येत नव्हतं. ते दुसऱ्याला सांगून लिहून घेत आणि घरी पोचल्यावरही ते कुणीतरी वाचून दाखवे. मधे फ्रान्समध्ये हिंदी टपालासाठी वेगळं तपासणी कार्यालय होतं. तिथे पत्रं उघडायची, त्यांतल्या निवडक मजकुराचं इंग्रजी भाषांतर करायचं आणि अहवाल वर पाठवायचा. आपले लोकही काही कमी नव्हते. 'काळी मिरी' म्हणजे हिंदी शिपाई आणि 'लाल मिरची' म्हणजे गोरे, असल्या खुणांनी ते घरच्यांना लढाईची खबर द्यायचे. ती भाषांतरं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतली निवडक १९९९ मध्ये पुस्तकरूपाने आणली. घरी पोचलेली मूळ पत्रं मात्र बहुतेक नाहीशी झाली. म्हणजे बघा, माझ्या कार्डांत वस्तू उरली आणि मजकूर जवळजवळ नाही. आपल्या शिपायांचा मजकूर उरला, तोही परक्या भाषेत, त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्याच्या दप्तरात. आणि वस्तू गेली.

घराने का नाही जपलं, असा प्रश्न सहज तोंडात येतो, पण तो विचारणाऱ्याने जरा थांबावं. महिना ११ रुपये पगाराचा शिपाई. कौलारू किंवा गवताचं छप्पर, चार महिने पाऊस, कागदाला वाळवी, कपाट हा प्रकारच नाही. जपायचं ठरवलं तरी कागद आणि रेशीम त्या घरात किती पावसाळे काढणार?

धातू मात्र टिकला. पुण्याच्या जुन्या बाजारात मला एकदा पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक मिळालं. अशा पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. हे होतं ११० व्या मराठा पलटणीतल्या एका शिपायाचं. ही पलटण मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात सापडली. वेढा जवळजवळ पाच महिने चालला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सगळे कैद झाले. त्या कैदेतून हजारो जण परत आलेच नाहीत. हा शिपाई तेव्हा कूटमध्ये होता का, तिथून परतला का, हे पदक सांगत नाही, कारण मेलेल्यांची पदकं वारसांना दिली जात. विकणाऱ्याने ते तराजूत टाकलं आणि चांदीच्या भावाने पैसे सांगितले. चांदी होती म्हणून कुणाच्या तरी आजीने ते जपलं असेल आणि चांदी होती म्हणूनच एका वाईट वर्षी ते विकलंही असेल. तिला दोष देण्याचा मला काय अधिकार? ते पदक मी अल्बमशेजारीच ठेवलं आहे. दोघांची तशी काही ओळख नाही, पण मला ते एकाच कपाटात असावेत असं वाटतं.

तर मंडळी, तुमच्या घरात ट्रंकेच्या तळाशी असं काही असेल, मग ते पहिल्या महायुद्धातलं असो, दुसऱ्या, नाहीतर १९७१ च्या लढाईतलं, तर एवढं करा. रेशमाला पाणी लावू नका, लॅमिनेशन करू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. उन्हात तर मुळीच ठेवू नका, रंग उडतात. पदक घासून चकचकीत करू नका, कडेवरचं नाव झिजतं. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागच्या बाजूचा आधी. आणि घरात जी सगळ्यात म्हातारी बाई असेल तिला विचारा, की हे इतकी वर्षं कुणी ठेवलं, कुठे ठेवलं आणि कशात गुंडाळून ठेवलं. ती सांगेल ते तारखेसकट लिहून त्या वस्तूबरोबरच ठेवा.